मासा सोडायचाच, तर धरायचा कशाला?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आजच्या बोलण्याची सुरुवात मी घरातल्याच एका प्रश्नाने करणार आहे. एप्रिल २०२२ मध्ये हिमाचल प्रदेशात आठ दिवस राहून मी नागपूरला परतलो. हातपाय धुऊन चहा घेता घेता बायकोला कौतुकाने सांगू लागलो की, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून मासे पकडले. तिने विचारलं, ‘मग काय केलं त्याचं?’ म्हटलं, ‘सोडून दिले.’ तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘सोडूनच द्यायचे होते, तर पकडले कायले जी?’

मला उत्तर देता आलं नाही. शिवाय त्या प्रवासातली एक गोष्ट मी तिला त्या दिवशी सांगितलीच नव्हती. ती आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी हा प्रकार काय आहे, ते नीट समजावून घेऊ.

इतवारीत आमचं सूत-दोऱ्याचं दुकान आहे. रिळं, रेशमाच्या लडी, जर, लेस, गोंडे, मणी असा माल. आजोबांनी दुकान टाकलं तेव्हा आसपासच्या हातमागांना सूत जायचं. आता शिंपी येतात, भरतकाम करणाऱ्या बाया येतात. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून झाल्यावर मी दुकान मुलाच्या हाती दिलं. माझा एक भाचा दिल्लीत नोकरी करतो. त्याला ट्राउट माशांचा नाद. दर वर्षी वसंतात तो हिमाचलमध्ये जातो. ‘मामा, एकदा चलाच,’ म्हणून तो मागे लागला. मला वाटलं, मासेच तर धरायचे आहेत. ते तर मी लहानपणीच शिकलो होतो.

माझं आजोळ पवनीचं. वैनगंगेच्या काठी एक वयस्कर ढिवरबाबा आम्हा पोरांना गळ टाकायला शिकवायचे. गळाला गांडूळ लावायचं, पाण्यात सोडायचं आणि गप्प बसायचं. मासा वासाने येतो, आमिष गिळतो आणि अडकतो. बाबांचे दोन नियम मात्र कडक होते. बोटभर पिल्लू आलं तर परत पाण्यात. आणि पावसाळ्याच्या तोंडी पोट फुगलेली मादी आली, तर तीही परत. आम्ही कुरकुर केली की म्हणायचे, ‘हे धरली तं पुढच्या साली काय खाशील?’ त्या वयात एवढा विचार कोण करतो! पण वाक्य डोक्यात राहिलं.

तर या तयारीवर मी निघालो. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून रात्रीच्या मनालीच्या बसने औट. तिथून मनालीचा रस्ता सोडायचा आणि लारजी, बंजार करत तीर्थन नदीच्या खोऱ्यात शिरायचं. कुल्लू जिल्ह्यातली ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच भागातून निघते आणि लारजीजवळ ब्यासला मिळते. हे राष्ट्रीय उद्यान २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. नदीकाठी लहान लहान गावं, सफरचंदाच्या बागा आणि घरगुती अतिथिगृहं. यातली काही मंडळी पाहुण्यांना मासेमारीला घेऊन जातात. मत्स्य विभागाचा परवाना काढून देणं, रॉड आणि रबरी बूट पुरवणं, जागा दाखवणं आणि हात धरून शिकवणं, ही गाईडची कामं.

आमचा गाईड तिशीतला तरुण होता. पहिल्या दिवशी सकाळी मी उत्साहाने विचारलं, ‘गांडूळ कुठे मिळतील?’ तो हसला. म्हणाला, ‘अंकलजी, यहाँ केंचुआ नहीं चलता.’ मग खिशातून त्याने एक चपटी डबी काढली. आत बारीक बारीक आकडे, आणि प्रत्येक आकड्यावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली एकेक माशी. खऱ्या माशीएवढी, काही तर डासाएवढी. याच माशीला इंग्रजीत ‘फ्लाय’ म्हणतात, म्हणून हे फ्लाय फिशिंग. आपल्या भाषेत सांगायचं तर माशी दाखवून मासा धरायचा.

मी डबी हातात घेतली आणि धंद्याच्या सवयीने आधी दोरा पाहिला. बारीक, सारख्या पिळाचा, मेण लावलेला. गाठ कुठे दिसत नव्हती. विचारल्यावर कळलं, या माश्या तो हिवाळ्यात घरी बसून स्वतः बांधतो. लहानशा शिकंज्यात आकडा पकडायचा, त्यावर दोऱ्याचे वेढे घ्यायचे, सशाच्या केसांचं अंग करायचं, कोंबड्याच्या मानेचं पीस गोल फिरवून पाय आणि पंख करायचे. चमक हवी तर जरीसारखी बारीक तार गुंडाळायची. ज्या मालावर आमच्या तीन पिढ्या जगल्या, त्याच मालाने हा मुलगा माशाला फसवत होता. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मला वाटलं, आता रॉड हातात देईल. पण त्याने पहिला तासभर मला नदीतले दगड उलटायला लावले. बर्फाच्या पाण्यात हात घालायचा, नारळाएवढा दगड उचलायचा, उलटा करायचा आणि पाहायचं. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. मग दगडावरची घाण वाटत होती ती हलू लागली. चपटे, सहा पायांचे, शेपटीला दोन-तीन केस असलेले किडे दगडावर सरपटत होते. यातला एक मेफ्लाय. तो बहुधा महिनोन् महिने, कधी वर्षभर पाण्याखाली राहतो, मग वर येऊन कात टाकतो, त्याला पंख फुटतात, आणि पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगतो. त्या अवस्थेत तो काही खातही नाही. दुसरा स्टोनफ्लाय, त्याला थंड आणि स्वच्छ पाणीच लागतं.

तिसरा पाहिला आणि मी थक्क झालो. दगडाला वाळूच्या कणांची एक नळी चिकटलेली होती. गाईडने ती अलगद उघडली, तर आत अळी. ही कॅडिस नावाच्या किड्याची अळी. ती तोंडातून रेशीम काढते आणि त्या रेशमाने वाळूचे कण, काड्या एकमेकांना जोडून स्वतःचं घर बांधते. रेशीम म्हणजे तुतीची पानं आणि रेशमाचा किडा, किंवा आपल्या भंडारा-गडचिरोलीकडचा टसर, एवढंच मला माहीत होतं. वाहत्या पाण्याखाली ओलं रेशीम चिकटतं, हे आयुष्यभर रेशीम विकूनही मला ठाऊक नव्हतं.

हे किडे ट्राउटचं मुख्य अन्न. म्हणून आधी दगड उलटायचा. त्या दिवशी त्या ठिकाणी कोणता किडा जास्त आहे, केवढा आहे, कोणत्या रंगाचा आहे ते पाहायचं आणि डबीतून तशी माशी निवडायची. किडे पाण्याबाहेर पडत असतील तर पाण्यावर तरंगणारी माशी, नाही तर तळाशी वाहत जाणारी. माशीला वास नसतो, चवही नसते. मासा फसतो तो फक्त दिसण्याला आणि वाहण्याला.

आता ती टाकायची कशी? आपल्या गळाला शिशाचं वजन असतं, ते फेकलं की दोरी मागून जाते. इथे माशीला काही वजनच नाही. म्हणून दोरी जाड आणि वजनदार असते. फेकायची ती दोरी, माशी नुसती टोकाला बसून जाते. जाड दोरीच्या टोकाला निमुळता होत गेलेला पारदर्शक नायलॉनचा धागा आणि त्याच्या टोकाला माशी. साधारण नऊ फुटांचा लवचीक रॉड मागे न्यायचा, थांबायचं, दोरी पाठीमागे हवेत सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे आणायचं. सगळी गोम त्या थांबण्यात आहे. घाई केली की दोरी डोक्यावर गुंता होऊन पडते. माझी पहिले दोन तास पडतच होती. एकदा माशी माझ्याच टोपीत अडकली.

शेवटी मला समजलं ते आपल्या संक्रांतीमुळे. नागपूरचा माणूस पतंगावर वाढलेला असतो. वारा पाहायचा, चक्री धरणाऱ्याला सांभाळायचं, केव्हा खेचायचं आणि केव्हा ढील द्यायची, हे हाताला कळतं. इथेही तसंच. माशी पाण्यावर पडली की प्रवाह दोरीला ओढू लागतो. दोरीने माशीला ओढलं की ती पाण्यावर रेघ काढत जाते, आणि खरा किडा असा कधी जात नाही. मासा ते लगेच ओळखतो. म्हणून दोरीला ढील देऊन माशी प्रवाहाच्याच वेगाने जाऊ द्यायची. गाईडला मी हे पतंगाचं सांगितलं तेव्हा तो खूश झाला. त्यानंतर दर वेळी ओरडायचा, ‘अंकलजी, ढील!’

एक गोष्ट तुमच्या मनात आली असेल. हा मासा नेमका कुठला? तर ट्राउट हा मूळचा भारतातला नाही. तपकिरी ट्राउट युरोपातला, अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेला. इंद्रधनुषी म्हणजे रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. साहेबाला इथे त्याच्या गावचा खेळ हवा होता, म्हणून हे मासे आले. तपकिरी ट्राउटची अंडी १८९९ मध्ये बोटीने काश्मीरसाठी पाठवली गेली, ती वाटेतच मेली. १९०० मध्ये दुसरी खेप पोहोचली आणि तगली. हे काम अंगावर घेणारे फ्रँक मिचेल हे श्रीनगरला गालिचांचा कारखाना चालवायचे. म्हणजे तेही लोकर-दोऱ्याच्याच धंद्यातले! काश्मीरमधून ट्राउट कुल्लूत आला, तिथे १९०९ मध्ये माहिली येथे अंडी उबवण्याचं केंद्र निघालं. दक्षिणेत निलगिरीच्या ओढ्यांत रेनबो ट्राउट सोडला गेला.

महाराष्ट्रात मात्र तो टिकला नसता. कारण साधं आहे, पाणी. ट्राउटला साधारण दहा ते अठरा अंश सेल्सियसचं पाणी मानवतं. वीस अंशांच्या वर तो अस्वस्थ होतो आणि पंचविशीच्या आसपास तर त्याच्या जिवावर बेततं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. दहा अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण अकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्या नागपुरात त्या माशाचं काय होईल, ते सांगायला नको.

आणि वसंतच का? हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ. मार्चमध्ये बंदी उठते. थंडी आणि वीण यांनी मासा भुकेलेला असतो. पाणी थोडं तापू लागतं, किडे पंख फुटून वर येऊ लागतात. वरचं बर्फ अजून जोरात वितळायला लागलेलं नसतं, म्हणून पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. पुढे मे-जूनमध्ये ते वाढतं, दुधाळ होतं आणि पावसाळ्यात गढूळ. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा थोडे दिवस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला माशी गेली, पाण्यात एक लहानसा खळगा पडला आणि दोरी ताणली. वीतभर लांबीचा तपकिरी ट्राउट होता. गाईडने आधीच शिकवून ठेवलं होतं. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हीच त्याची कातडी सांभाळणारी गोष्ट, कोरड्या हाताने ती निघून जाते. आकड्याचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबलेला असतो, म्हणजे आकडा सहज सुटतो. मासा पाण्यातच ठेवायचा, तोंड प्रवाहाकडे, आणि त्याने जोर केला की हात सैल करायचा. हे सगळं गाईडने केलं. मासा क्षणभर माझ्या बोटांजवळ थांबला आणि गेला. मला जो आनंद झाला तो खरा होता, तो मी नाकारणार नाही.

आता ती न सांगितलेली गोष्ट. चौथ्या दिवशी मोठा मासा लागला, चांगला हातभर. मी हरखून गेलो. भाच्याला ओरडून सांगितलं, फोटो काढ. गाईड पंचवीस-तीस पावलं वर होता, तो धावत येईपर्यंत मी मासा पाण्याबाहेर काढून दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. भाच्याचा फोन खिशातून निघेना, मग फोटो हलला, मग पुन्हा एक. मासा निसटेल म्हणून मी त्याला घट्ट आवळलं होतं. गाईडने काही न बोलता तो माझ्या हातून घेतला आणि पाण्यात धरला. मासा कुशीवर पडला. त्याने त्याला पुन्हा सरळ केलं, पाणी कल्ल्यांतून जाईल असं धरून ठेवलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्या पाण्यात बोटं बधिर होतात, पण त्याने हात काढला नाही. शेवटी मासा हलायचा थांबला.

तो मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘अंकलजी, जितनी देर आप साँस रोक सको, उतनी ही देर.’ म्हणजे आपण जेवढा वेळ श्वास रोखू शकतो, तेवढाच वेळ मासा बाहेर. परवान्याप्रमाणे ठरावीक संख्येने मासे ठेवता येतात, त्यामुळे नियम काही मोडला नव्हता. त्या रात्री त्याच्या आईने तो मासा शिजवला, आम्ही खाल्ला. चव चांगली होती. पण घास उतरत नव्हता. पवनीला शेकडो मासे खाल्ले, तेव्हा असं कधी झालं नाही. तिथे मासा धरला तो खाण्यासाठी. इथे तो मेला तो माझ्या फोटोसाठी.

म्हणूनच बायकोच्या प्रश्नावर मला बोलता आलं नाही. तो प्रश्न एकट्या तिचा नाही, जगभर त्यावर वाद चालतो. माशाला दुखतं का? २००३ मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी याच रेनबो ट्राउटवर प्रयोग केले. त्याच्या तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू आहेत, असं त्यांना आढळलं. त्याला वेदना म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण ‘माशाला काय कळतं’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत, एवढं नक्की. शिवाय ट्राउट हा परका, शिकारी मासा. जिथे तो रुजला तिथे स्थानिक माशांची पिल्लं त्याने खाल्ली, त्यांची जागा घेतली. हीही दुसरी बाजू आहे.

मग तिसरीही बाजू सांगायला हवी. तीर्थन नदीवर छोटे-मोठे जलविद्युत प्रकल्प यायचे होते. शेजारच्या सैंज नदीवर तसे प्रकल्प झालेही. तीर्थनच्या लोकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि अखेर सरकारने ही नदी प्रकल्पांपासून मोकळी ठेवली. त्या भांडणात लोकांच्या हातात जी कारणं होती, त्यात ट्राउट हे एक मोठं कारण होतं. मासा आहे म्हणून पाहुणे येतात, पाहुणे आहेत म्हणून घरात पैसा येतो, म्हणून नदी वाहती राहावी असं गावाला वाटतं. आमचा गाईड रोज दगड उलटतो. कुणी वर कचरा टाकला, कुणी स्फोटकं वापरून मासे मारले, तर ते सगळ्यांत आधी त्याला कळतं.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. महाराष्ट्राचा मानाचा मासा म्हणजे महासीर. १८३९ मध्ये कर्नल सायक्स यांनी पुण्याकडच्या मुळा-मुठेच्या पाण्यातल्या महासीराची शास्त्रीय नोंद केली. पुढे नद्या अडल्या, घाण झाल्या, मासा दुर्मीळ झाला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पैदास होऊ लागली आणि तिथली पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली. पण पिल्लं सोडणं सोपं, ती जगतील असं पाणी ठेवणं अवघड.

नागपूरला परतल्यावर मला दगड उलटायची खोडच लागली. पारशिवनीजवळ पेंच नदीच्या उथळ पात्रात दगड उचलला, तर तिथे आपले मेफ्लाय! तीर्थनपेक्षा बारीक, पण तेच चपटे अंग, शेपटीचे तेच केस. मी इतका आनंदलो की मुलाला फोन केला. मग एका सकाळी इतवारीहून दक्षिणेला नाग नदीच्या पुलाजवळ उतरलो. वासाने उभं राहवत नव्हतं. काठाशी काठीने एक वीट उलटली. खाली काळा चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या, बाकी काही नाही. या अळ्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. जिथे प्राणवायू जवळजवळ नाही, अशा पाण्यातही त्या तग धरतात. कोणते किडे सापडतात यावरून पाण्याची प्रत ठरवता येते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळही ही पद्धत वापरतं. पाण्याच्या अभ्यासाची ‘नीरी’सारखी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्याच शहरात आहे. आणि ज्या नदीने शहराला नाव दिलं, तिला आपण नाला म्हणतो.

नकाशा काढून पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ती मला आधीच कळायला हवी होती. आपण पेंचचं पाणी पितो. वापरून घाण झालेलं पाणी नाग नदीत जातं, नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणात जाऊन साठतं. म्हणजे मी चाळीस वर्षं इतवारीत बसून जे पाणी मोरीत सोडलं, ते माझ्या आजोळी ढिवरबाबांच्या नातवंडांच्या जाळ्यात गेलं.

२०२३ च्या जुलैमध्ये ब्यासच्या खोऱ्यात महापूर आला. मी गाईडला फोन केला. घर शाबूत होतं, पण नदीतले ओळखीचे दगड वाहून गेले होते, किडे कमी झाले होते. म्हणाला, ‘पानी साफ रहा तो आ जाएँगे.’ त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे आपल्याकडे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. तिथे पुरानंतर लोक विचारत होते, किडे केव्हा परत येतील. इथे आपण चिखल उपसला, भिंती धुतल्या आणि नदीकडे पाठ केली.

मी पुन्हा हिमाचलला गेलो, पण रॉड हातात घेतला नाही. आता मला कुणी विचारलं की या सहलीला जावं का, तर मी म्हणतो, जरूर जा. मार्च-एप्रिलमध्ये जा, परवाना काढा, स्थानिक गाईड घ्या आणि त्याचं ऐका. आकड्याचा काटा दाबलेला आहे का पाहा. हात ओले करा. फोटो राहिला तर राहू द्या. आणि एखादा पूर्ण दिवस नुसते दगड उलटण्यात घालवा, तो दिवस वाया जात नाही.

बायकोला मी शेवटी त्या मेलेल्या माशाची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘मंग आता कळलं ना, सोडायचा कायले ते?’ तिच्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे धरायचा कशाला याचं, उत्तर माझ्याजवळ अजूनही पुरतं नाही. सोडायचा कशाला याचं उत्तर मात्र ढिवरबाबांनी पवनीच्या घाटावर फार पूर्वीच दिलं होतं. पुढच्या साली काय खाशील, हे विचारायला त्यांना हिमालयात जावं लागलं नव्हतं.

येत्या रविवारी वेळ मिळाला, तर मुलांना घेऊन जवळच्या एखाद्या ओढ्यावर जा. एक दगड उलटा करा, खाली कोण राहतं ते पाहा, आणि दगड होता तसा परत ठेवा.